जकात भरतो कोण आणि सोसतो कोण?

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभे राहिले म्हणजे समोर ताप्तीचे पात्र आणि मागे शाही किल्ल्याच्या जुन्या भिंती दिसतात. पर्वणीला यात्रेकरू येथे स्नानासाठी येतात आणि इतिहासाचे अभ्यासक किल्ला पाहण्यासाठी येतात. परंतु व्यापारी माणसाने या घाटाकडे आणखी एका दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते. सतराव्या शतकात सुरत बंदरातून आग्र्याकडे जाणारा मोठा व्यापारी मार्ग याच नगरातून जात होता. फ्रेंच जवाहिर व्यापारी ताव्हेर्निए याने या भागात तयार होणाऱ्या तलम कापडाचे वर्णन करून ठेवले आहे आणि ते इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड व रशिया येथवर जात असल्याची नोंद केली आहे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथेच शाहजादा परवेझच्या भेटीस आला होता आणि त्याने वखारीची परवानगी मागितली होती. सुरतेचे विख्यात जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा यांचे अडते ज्या ठिकाणी होते, त्यांत बुऱ्हाणपूरचेही नाव येते. ज्या कंपनीने पुढे देश घेतला, तिला एके काळी कर्ज देणारी ही पेढी होती.

या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट व्यापाऱ्याची पाठ कधीच सोडत नव्हती, ती म्हणजे जकात. सुरतेच्या बंदरात मालाच्या किमतीवर साधारणतः अडीच ते पाच टक्के कर द्यावा लागे, आणि वाटेत ठिकठिकाणी राहदारी द्यावी लागे ती निराळीच. राज्ये बदलली, बंदरे बदलली, तागडीची जागा संगणकाने घेतली, तथापि जकात कायम राहिली. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या जुन्या सोबत्याची थोडी तपासणी करावी असे आम्ही ठरविले. ‘जकात वाढली’ किंवा ‘जकात उठली’ ही वार्ता आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि तेवढ्यावरच हर्ष किंवा विषाद मानतो. परंतु ती भरतो कोण आणि अखेर सोसतो कोण, हा हिशेब फार थोडे लोक पुरा करतात.

शब्दाचा अर्थ

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ‘जकात’ म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे नगरपालिकेचे नाके येते. मुंबई, पुणे, जळगाव अशा शहरांच्या वेशीवर ट्रक थांबत आणि पावती फाडली जाई, ती स्थानिक जकात होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाल्यावर देशांतर्गत नाकी गेली. मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सीमेवर वसलेल्या आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना, ज्यांचा माल एका दिवसात रावेर-जळगावास जाऊन परत येतो, या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. या लेखाचा विषय ती जकात नव्हे. परदेशातून माल आणताना देशाच्या सीमेवर, बंदरात किंवा विमानतळावर जे सीमाशुल्क भरावे लागते, त्या आयात जकातीचा विचार येथे कर्तव्य आहे.

ही जकात दोन रीतींनी आकारतात. एक मालाच्या किमतीवर, शेकडा अमुक इतकी. दुसरी मालाच्या वजनावर किंवा नगावर, टनामागे अमुक रुपये. किमतीवर आकारताना ही किंमत केवळ विकणाऱ्याच्या बिलाची धरीत नाहीत. तीत जहाजाचे भाडे आणि विम्याचा खर्च मिळवून जी रक्कम होते, तीवर टक्केवारी लागते. शिवाय एकाच नावाखाली अनेक कर एकत्र येतात. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर जी जकात बसविण्यात आली, तिचेच उदाहरण घ्या. मूळ सीमाशुल्क ५ टक्के, कृषी पायाभूत सुविधांसाठी उपकर ५ टक्के, आणि या दोहोंच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १. अशी एकूण ११ टक्के. ज्याने केवळ ‘पाच टक्के’ ऐकून सौदा केला असेल, त्याचा नफा कागदावरच राहिला असणार.

हिशेबाची वही

आता एक छोटा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत आणि इतर कर आपण बाजूस ठेवू. बंदरात उतरलेला माल शंभर रुपयांचा आहे. त्यावर ११ रुपये जकात भरली, म्हणजे आयातदाराला तो १११ रुपयांस पडला. घाऊक व्यापाऱ्याने दहा टक्के धरून तो १२२ रुपये १० पैशांना विकला. किरकोळ दुकानदाराने पुन्हा दहा टक्के धरले, म्हणजे गिऱ्हाइकाला तो १३४ रुपये ३१ पैशांना मिळाला. जकात नसती तर हाच माल त्याच रीतीने १२१ रुपयांना मिळता. सरकारच्या तिजोरीत ११ रुपये गेले, परंतु गिऱ्हाइकाच्या खिशातून १३ रुपये ३१ पैसे गेले. मधले २ रुपये ३१ पैसे वाटेत राहिले.

यावरून ‘व्यापाऱ्याचे बरे झाले’ असा तर्क कोणी काढील. तो बरोबर नाही. भाव वाढला की गिऱ्हाईक हात आखडते, माल पडून राहतो, आणि जकातीपोटी अगोदर भरलेल्या रकमेवर व्याज चढत राहते. भाव वाढविण्याची ज्याची शक्ती नाही, त्याला जकातीचा काही भाग स्वतःच गिळावा लागतो. कधी परदेशी विक्रेताच बाजार टिकविण्यासाठी आपला भाव थोडा उतरवितो. तात्पर्य, जकात बंदरात एक जण भरतो, पण तिचा भार विक्रेता, आयातदार, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात वाटला जातो. ज्याला दुसरीकडे जाण्याची सोय सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला तो सर्वांत जास्त येतो.

याहूनही महत्त्वाची बाब पुढेच आहे. समजा, देशात एखाद्या मालाच्या शंभर गाठी खपतात, त्यांपैकी नव्वद देशात होतात आणि दहा बाहेरून येतात. जकात त्या दहा गाठींवरच बसते. परंतु बाहेरची गाठ महाग झाली की देशी गाठीचा भावही तिच्या मागोमाग चढण्यास मोकळा होतो. सरकारला दहा गाठींवरची जकात मिळते. उरलेल्या नव्वद गाठींवरील वाढ देशी उत्पादकाला मिळते, आणि शंभरही गाठींची वाढ खरीदणारा भरतो. जकातीची वसुली सरकारी जमाखर्चात दिसते. संरक्षणाची ही दुसरी वसुली मात्र कोणाच्याच वहीत जकातीच्या नावाने खर्ची पडत नाही. म्हणून जकातीचे गुणदोष ठरविताना आधी ही न लिहिलेली रक्कम मांडावी लागते. ती कोणाकडून कोणाकडे गेली, किती काळ गेली आणि तिच्या मोबदल्यात देशाने काय मिळविले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

परक्याच्या हातातील लेखणी

कापडाच्या व्यापाराने हे प्रश्न जगाला प्रथम शिकविले, आणि ते शिकताना सर्वांत जबर फी भरली ती आपल्याच विणकरांनी. हिंदुस्थानचे छापील कापड इंग्लंडच्या घराघरांत शिरले, तेव्हा तेथील विणकरांनी ओरड केली. १७०० साली केलेल्या कायद्याने हिंदुस्थान, इराण व चीन येथील रंगीत व छापील कापडाची आयात तेथील वापरापुरती बंद झाली. १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यावरच बंधन आले. ते १७७४ पर्यंत टिकले. तेवढ्या अवधीत मँचेस्टरच्या परिसरातील धंद्याने आपले पाय रोवले. १८१३ च्या सुमारासही हिंदी कापड इंग्लंडात तेथील कापडाहून निम्म्या भावाने विकता येत होते आणि ते रोखण्यासाठी किमतीवर सत्तर-ऐंशी टक्के जकात बसवावी लागली, असे इंग्रज इतिहासकार एच. एच. विल्सन यानेच लिहून ठेवले आहे. त्याच काळात इंग्रजी कापड आपल्या बंदरांत येत होते ते अवघ्या अडीच ते साडेतीन टक्क्यांवर.

पुढे चित्र उलटले, पण लेखणी परक्याच्याच हातात राहिली. मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा परदेशी कापडावर ५ टक्के जकात होती. ती संरक्षणासाठी नव्हे, केवळ महसुलासाठी होती. तरीही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना ती खुपू लागली. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन याने आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठविली, आणि १८८२ मध्ये जवळजवळ सर्वच आयात जकाती रद्द झाल्या. १८९४ मध्ये तिजोरी रिकामी झाल्यामुळे कापडावर ५ टक्के जकात पुन्हा बसविणे भाग पडले, तेव्हा देशी गिरण्यांच्या बारीक सुतावरही ५ टक्के अबकारी कर बसविण्यात आला. १८९६ मध्ये दोन्ही बाजू साडेतीन टक्क्यांवर आणल्या. आपल्याच देशात तयार झालेल्या मालावर परदेशी मालाइतका कर! पुण्यामुंबईत लोकमान्य टिळकांनी त्या साली परदेशी कापडाविरुद्ध चळवळ उभारली ती याच संतापातून. नामदार गोखल्यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात या कराविरुद्ध आवाज उठविला. न्यायमूर्ती रानड्यांनी तर त्याआधीच सांगितले होते की, जे अर्थशास्त्र इंग्लंडला मानवले ते हिंदुस्थानला जसेच्या तसे मानवेल असे समजू नये. हा अन्यायी कर १९२५ च्या डिसेंबरात स्थगित झाला आणि १९२६ मध्ये कायमचा गेला.

या इतिहासावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतात की, जकात जितकी अधिक तितके देशाचे हित अधिक. आमचे मत निराळे आहे. दोष जकात कमी असण्यात किंवा जास्त असण्यात नव्हता. ज्यांच्यावर तिचा परिणाम होणार होता त्यांना ती ठरविण्याचा अधिकार नव्हता, हा खरा दोष होता. आज तो अधिकार आपल्या संसदेकडे आहे. म्हणूनच तिच्याकडे काय मागावे याची जबाबदारीही आपल्यावर आली आहे.

संरक्षण फळास आले ते कोठे?

१९२१-२२ मध्ये सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली वित्तीय आयोग बसला. त्याने ‘विवेचक संरक्षणा’चे तत्त्व सांगितले. कोणत्याही धंद्याने मागितले म्हणून संरक्षण देऊ नये. त्यासाठी तीन कसोट्या असाव्यात. धंद्याला कच्चा माल, मजूर किंवा मोठी बाजारपेठ अशी नैसर्गिक अनुकूलता असावी. संरक्षणावाचून तो वाढणार नाही अशी स्थिती असावी. आणि पुढे एक दिवस तो संरक्षणावाचून जगाशी टक्कर देऊ शकेल अशी आशा असावी. १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड स्थापन झाले आणि १९२४ मध्ये पोलादाला प्रथम संरक्षण मिळाले.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण साखरेचे आहे. त्या काळी जावा बेटाची साखर आपल्या बाजारपेठा भरून टाकीत होती. १९३२ च्या कायद्याने परदेशी साखरेवर दर हंड्रेडवेटला सव्वासात रुपये संरक्षक जकात बसली, वर अधिभार निराळा. या संरक्षणाला मुदत होती, ३१ मार्च १९४६ पर्यंतची. सुमारे तीस कारखान्यांवरून चार-पाच वर्षांत ही संख्या सव्वाशेच्या वर गेली. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगरला साखर कारखाने उभे केले. उजाड माळावर ऊस आला आणि उसाभोवती वसाहत आली. पुढे १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना निघाला. त्याच्यासाठी यंत्राची व बाजाराची घडी बसली होती ती याच संरक्षणाच्या काळात.

या यशाचे मर्म केवळ जकातीच्या आकड्यात नव्हते. मुदत ठरलेली होती. १९३४ मध्ये देशी साखरेवर अबकारी कर बसवून सरकारने संरक्षणाच्या लाभातील आपला हिस्सा मागून घेतला. आणि त्याच वर्षी उसाला किमान भाव ठरविण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला, म्हणजे शेतकऱ्याचाही हिस्सा ठेवला गेला. गिऱ्हाइकाने काही वर्षे महाग साखर खाल्ली हे खरे; पण त्याच्या मोबदल्यात देशाला एक धंदा मिळाला. ही रक्कम खर्ची पडली, तशी ती जमेसही आली.

आपल्या जिल्ह्यातील धडा

दुसरे उदाहरण आपल्या अगदी दाराशी आहे. आजच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर येथे वृत्तपत्राच्या कागदाची देशातील पहिली गिरणी उभी राहिली. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. आसपासच्या जंगलातील सालई आणि बांबू यांपासून कागद करण्याचा हा धाडसी प्रयोग होता. तोवर वृत्तपत्राच्या कागदाचे एक पानही देशात होत नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रयोगाचे मोल कळते. सातपुड्याच्या कुशीत एक गाव वसले, हजारो संसार उभे राहिले, आणि बुऱ्हाणपूरच्या बाजारपेठेलाही त्याचा आधार मिळाला.

परंतु या धंद्याभोवतीची व्यवस्था साखरेसारखी नव्हती. परदेशी कागदाची आयात परवान्याने होई, तिचा कोटा ठरे, आणि देशी कागदाचा ठरावीक वाटा वृत्तपत्रांना घ्यावाच लागे. मुदतीचा प्रश्न कोणी काढीत नव्हते. गिऱ्हाईक बांधलेले असले म्हणजे यंत्र जुने झाल्याची टोचणी लागत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. दरम्यान परदेशी कागदावर सरकारने महसुलासाठी जकात बसविली: १९८१ मध्ये एकूण १५ टक्के आणि १९८२ मध्ये टनाला ८२५ रुपये. इंडियन एक्स्प्रेस व इतर वृत्तपत्रे या कराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ डिसेंबर १९८४ रोजी न्यायालयाने निकाल दिला तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. वृत्तपत्रांवर कर लावता येतो. परंतु कागद महाग झाला तर पाने घटतात, किंमत वाढते आणि अखेर वाचकाच्या जाणून घेण्याच्या हक्कावर भार येतो, हे ध्यानात घेऊन सरकारने कराचा पुन्हा विचार करावा, असा त्या निकालाचा आशय होता. कागदावरची जकात वाचकाच्या हक्कापर्यंत पोहोचते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने अशा रीतीने मान्य केले.

१९९५ मध्ये वृत्तपत्राच्या कागदाची आयात खुली झाली आणि नेपाला खऱ्या स्पर्धेला तोंड द्यावे लागले. इतकी वर्षे आडोशाला वाढलेल्या झाडाला वारा सोसला नाही. गिरणी तोट्यात गेली, उत्पादन थांबले, आणि मोठा खर्च करून नूतनीकरण झाल्यावर ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेथील कामगारांच्या कष्टाविषयी आम्हांस आदरच आहे. दोष त्यांचा नव्हता. ज्या संरक्षणाला मुदत नसते ते धंद्याला उभे करीत नाही, बसवून ठेवते, एवढाच धडा आम्ही येथून घेतो.

हीच गोष्ट साऱ्या देशाविषयी सांगता येईल. १९९१ पूर्वी काही वस्तूंवरील आयात जकात तीनशे टक्क्यांच्याही वर गेली होती. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. तो १९९५-९६ पर्यंत ५० टक्क्यांवर आणि २००७-०८ पर्यंत शेतीबाह्य मालासाठी १० टक्क्यांवर आला. या उतरणीत कित्येक कारखाने बुडाले, कित्येक नव्याने उभे राहिले. दर पायरीपायरीने उतरला म्हणून सावरण्यास थोडी सवड मिळाली.

चोरवाट

जकात फार वाढविली की तिसरेच फळ येते. सोन्याच्या व्यापाऱ्यांना ते सांगावयास नको. १९६२-६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरटहून शुद्ध दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि त्या काळात प्रामाणिक सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. पण सोन्याची हौस काही थंडावली नाही. ती चोरवाटेने पुरी होऊ लागली. पुढेही दर चढला की तस्करी फोफावते आणि दर उतरला की ओसरते, असाच अनुभव येत गेला. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरील जकात १५ वरून ६ टक्क्यांवर आणली, तेव्हा तस्करीतील नफा मोडणे हाही तीमागील एक विचार होता. जकात चुकविणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते ती सरकारला नव्हे, तर शेजारच्या प्रामाणिक पेढीला. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि खोटी वजनमापे यांना एकाच पंक्तीत बसविले आहे, ते व्यवहार जाणूनच. कायदा बदलून घेण्याचा यत्न करावा; तो चुकवू नये.

आपल्यापुढील प्रश्न

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्या मंडळींत जिनिंगवाले आहेत, रुई-सरकीची अडत करणारे आहेत, सुताचे व्यापारी आहेत आणि यंत्रमागावरचे कोरे कापड विकणारेही आहेत. कापसावरील आयात जकातीचा प्रश्न निघाला की एकाच पंगतीत दोन तट पडतात. २०२१ मध्ये ११ टक्के जकात बसली तेव्हा कापूस उत्पादकाला आधार वाटला. २०२२ मध्ये भाव भडकले, तेव्हा १४ एप्रिलपासून सूट मिळाली. ती प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली. १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा सूट मिळाली, आणि तीही ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. सुताच्या गिरण्यांनी तिचे स्वागत केले. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हेच महिने आपल्या खानदेश-निमाडच्या शेतकऱ्याच्या घरी कापूस येण्याचे. ज्या वेळी त्याची गाडी बाजारात उभी राहते, त्याच वेळी बंदराचे दार सताड उघडे होते.

त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५, अशी एकूण ५० टक्के जकात लादली. ती भरत होता अमेरिकन आयातदार, अमेरिकेच्या तिजोरीत. तरी मागण्या थांबल्या त्या इकडे, तिरुप्पूरच्या कारखान्यांतील. भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? आपल्या निर्यातदाराला स्वस्त कापूस मिळावा म्हणून इकडची जकात उठली, तेव्हा परदेशी राजधानीतील एका निर्णयाचा धक्का गिरणीमार्फत बऱ्हाणपुरी कापूस उत्पादकाच्या ओट्यापर्यंत आला.

मग आपण काय मागावे? अडत्याने जकात मागावी आणि कापडवाल्याने सूट मागावी, तर दोन्ही अर्ज एकमेकांस खोडून काढतील. आमच्या मते उत्तर मालाच्या बारकाव्यात आहे. ज्या अतिलांब धाग्याचा कापूस आपल्याकडे पुरेसा होत नाही, त्यावर जकात ठेवून शेतकऱ्याचे काही रक्षण होत नाही, गिरणीचे मात्र नुकसान होते. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसावरील जकात काढली गेली, ते योग्यच झाले. जो कापूस आपल्या शेतात भरपूर होतो, त्याच्याबाबत सूट द्यावयाचीच असेल तर हंगाम संपल्यावर द्यावी आणि तिची तारीख पेरणीपूर्वी सांगावी. व्यापारी थोड्या अधिक जकातीला भीत नाही. रातोरात बदलणाऱ्या जकातीला भितो. महाग घेतलेला माल गोदामात असताना स्वस्त मालाचे जहाज लागले, तर वर्षाची मिळकत एका आठवड्यात बुडते.

सभासद बंधूंना आमची एवढीच विनंती आहे की, यापुढे आपल्या नावाने शासनाकडे जकातीसंबंधी जे निवेदन जाईल, त्यात चार गोष्टींची उत्तरे आधी लिहावीत. हा माल कोणाचा पक्का आणि कोणाचा कच्चा आहे? जकातीने वाढणारी रक्कम अखेर कोणाच्या खिशातून जाणार आहे? तिची मुदत किती? आणि त्या मुदतीत संरक्षण घेणारा काय सुधारणा करून दाखविणार आहे? जो अर्ज या चार प्रश्नांपुढे टिकेल, त्यावर अडत्या, सूतवाला आणि कापडवाला या तिघांच्याही सह्या मिळतील. जो टिकणार नाही, त्यातील लाभ दुसऱ्या सभासदाच्या खात्यातूनच आलेला असेल. आपले दुकान शेतकरी आणि विणकर यांच्या मधोमध उभे आहे. आज एक आपल्याला माल देतो आणि दुसरा तो घेतो. त्यांतील कोणीही एक बसला, तर आपल्या पेढीची एक बाजू रिकामी राहील, हे दिवाळीचे वहीपूजन करताना आपण स्मरणात ठेवावे.